भिंतीवरचा पिंपळ, छाटलेला वड, काढून टाकलेली बाग: जमवलेल्या तुकड्यांपासून बोन्साय – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा जवळ आला की हे प्रश्न येऊ लागतात. कुणाच्या गच्चीवर पिंपळ उगवलेला असतो, कुणाच्या गल्लीत महापालिकेने वडाची छाटणी केलेली असते, कुणाच्या मामाची डाळिंबाची बाग निघत असते. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. नर्सरीतलं रोप सोडून लोक असली जुनी खोडं का शोधतात?

शिकायला नर्सरीतलं रोपच बरं. पण खाली रुंद आणि वर निमुळतं होत गेलेलं खोड, भेगाळलेली साल, मोडलेल्या फांद्यांचे भरून आलेले व्रण या गोष्टी कुंडीत यायला दहा-वीस वर्षं सहज जातात. बाहेर वाढलेल्या झाडात त्या आयत्या मिळतात. जपानी बोन्सायमध्ये डोंगरातून आणलेल्या अशा झाडांना यामादोरी म्हणतात.

आपल्याकडे मात्र माझं सांगणं वेगळं आहे. डोंगरातलं झाड मुळासकट उपटायची गरज जवळपास कधीच नसते. आपल्या उष्ण हवेतली कितीतरी झाडं फांदीतून, मुळाच्या तुकड्यातून, नुसती साल काढलेल्या जागेतूनही नवी मुळं धरतात. झाड जागेवर राहू द्या, तुकडा आणा. आणि शक्यतो तो तुकडा जे झाड नाहीतरी तोडलं जाणार आहे त्याचा असू द्या.

2. बिया आणि साधी कलमं सोडून आणखी कोणते मार्ग आहेत?

मनगटाएवढा किंवा त्याहून जाड खुंट थेट लावणं (प्रश्न 5), मुळं नसलेला बुंधा प्लॅस्टिकमध्ये बंद करून फुटवणं (प्रश्न 7), जाड खोडावर गुटी बांधणं (प्रश्न 9), मुळाच्या तुकड्यातून झाड करणं (प्रश्न 10), वडाची पारंबी झाडावरच रुजवून मग फांदी कापणं (प्रश्न 12) आणि मुळं नसलेल्या बाजूला दुसऱ्या रोपांची मुळं जोडणं (प्रश्न 15). यातलं काहीच नवं नाही. शेताच्या बांधावर पांगारा किंवा गिरिपुष्पाची मेढ रोवून कुंपण करणाऱ्या शेतकऱ्याला पहिली पद्धत चांगली ठाऊक असते.

3. परवानगी लागते का? रस्त्याकडेचं झाड तर कुणाचंच नसतं ना?

रस्त्याकडेचं झाडही कुणाचं तरी असतंच. शहरात महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे आणि झाड तोडण्याची परवानगी वृक्ष प्राधिकरण देतं. ग्रामीण भागात 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह अशी झाडं आहेत. वनजमिनीतून किंवा अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलायचं नाही. देवराईतून तर कुणी परवानगी दिली तरी आणू नये असं माझं मत आहे.

निर्धास्त जागा याच: स्वतःची किंवा मालकाने होकार दिलेली जमीन, काढून टाकली जाणारी बाग, आणि मे महिन्यात पालिका पावसाळापूर्व छाटणी करते तेव्हा पडलेल्या फांद्या. छाटणीच्या ठेकेदाराच्या माणसांना विचारलं तर बहुधा ते आनंदाने देतात, आणि वड व त्याच्याच कुळातल्या नांद्रुकाचे खुंट लावायचा हंगामही नेमका तोच असतो.

4. आमच्या इमारतीच्या भिंतीतला पिंपळ सोसायटी काढणार आहे. तो जगवता येईल का?

येईल, आणि माझ्या मते शहरातला हा सर्वांत चांगला माल आहे. बुलबुल, साळुंक्या फळं खातात, विष्ठेतून बी फटीत पडतं आणि रोप वर्षानुवर्षं चिमूटभर धुळीवर तग धरतं. शेंडा हातभर असला तरी भिंतीतलं मूळ बोटभर जाड आणि चपटं झालेलं असतं.

ओढू नका. ओढलं की मान (खोड जिथे मुळाला मिळतं तो भाग) आणि मूळ यांच्यामधला सांधाच तुटतो, आणि झाडाचं सगळं बळ तिथेच असतं. आदल्या संध्याकाळी फट पाण्याने भिजवा. दुसऱ्या दिवशी शेंडा वीतभर ठेवून वरचं सगळं कापा. मग छिन्नीने आजूबाजूचं प्लॅस्टर हलकेच सोडवत जाईल तितकं मूळ मोकळं करा. बारीक मुळं बहुतेक सुटतच नाहीत, त्याची काळजी नको. जाड मुळाचा तुकडा आणि मान शाबूत असली की पुरे. ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी आणा, फाटलेली टोकं धारदार पात्याने साफ कापा, चीक धुवा आणि प्रश्न 6 मधल्या मिश्रणात लावून प्रश्न 7 प्रमाणे झाका.

चपटं झालेलं मूळ कापून गोल करायच्या फंदात पडू नका. दगडाला कवटाळून बसलेल्या झाडाची शैली करायची तर याहून चांगलं मूळ मिळत नाही. भिंतीत उरलेलं मूळ पुन्हा फुटणार, हे मात्र सोसायटीला आधीच सांगून ठेवा. झाड उंचावर असेल तर परांचीवर उभ्या असलेल्या गवंड्याकडूनच काढून घ्या. आणि त्यावर आधी कुणी काही ओतलं होतं का, ते नक्की विचारा (प्रश्न 18).

5. किती जाड फांदी थेट लावली तर मुळं धरते? कोणत्या झाडांची?

नांद्रुक, वड आणि उंबर हाताच्या जाडीचे असले तरी धरतात. डाळिंब, तुती आणि बोगनवेलही जाड खुंटातून येतात. पांगारा आणि शेवगा हमखास येतात, पण त्यांचं लाकूड मऊ आणि पानं बोन्सायसाठी गैरसोयीची, त्यामुळे मी त्यांच्या वाटेला जात नाही. पिंपळ वडापेक्षा हट्टी आहे, त्याची फांदी लावण्यापेक्षा मूळ लावलेलं बरं. आंबा, चिंच, कडुनिंब, करवंद, बकुळ यांचे जाड खुंट लावून वेळ घालवू नका.

तुकडा निवडताना सरळ दांडा घेऊ नका. जिथे फांदी फुगून फुटते किंवा वळते ती जागा निवडा, म्हणजे पुढे बुंध्याला आकार मिळतो. लांबी एक ते दीड फूट पुरते. करवतीने कापल्यावर खालचा काप धारदार चाकूने पुन्हा गुळगुळीत करा, कारण करवतीने फाटलेल्या कडेवर मुळं न येता कूज येते. मुळं येतात ती सालीच्या आतल्या कडेवरून, म्हणून ती कड स्वच्छ हवी.

वड-नांद्रुकाचा चीक थांबेपर्यंत कापलेलं टोक पाण्यात ठेवा आणि धुवा. मग रूटिंग पावडर, म्हणजे मुळं फुटवणारी पावडर लावा. जाड लाकडाला आयबीए (मुळं आणणारं संप्रेरक) 3000 ते 8000 पीपीएम असलेली लागते, फुलझाडांच्या कोवळ्या कलमांसाठीची पावडर कमी पडते. वरचा काप मेणाने किंवा बोर्डो पेस्टने (मोरचूद आणि चुन्याचा लेप) बंद करा. सगळी पानं काढा. साधारण एक तृतीयांश भाग मिश्रणात जाऊ द्या आणि खुंट कुंडीला तारेने असा बांधा की वाऱ्याने हलणार नाही. नवी मुळं काचेसारखी ठिसूळ असतात, खुंट जरा हलला तरी तुटतात.

6. रूटिंग पावडर मिळत नाही. मध, दालचिनी, नारळपाणी, कोरफड, हळद चालते का? माती कोणती?

मध, दालचिनी आणि हळद जंतू-बुरशीला थोडाफार अटकाव करतात, मुळं आणत नाहीत. नारळपाण्यात सायटोकायनिन या संप्रेरकांच्या गटातली झिआटिनसारखी द्रव्यं असतात. ती पेशी वाढवतात, पण त्यांचा ओढा कोंबाकडे असतो आणि प्रमाण वाढलं तर मुळं उलट मागे पडतात. शिवाय त्यातल्या साखरेवर बुरशी येते. कोरफडीचा गर लावून काही बिघडत नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नका. शेणाचा लेप वरच्या कापाला लावला तर हरकत नाही, मातीत जाणाऱ्या टोकाला कधीच नको.

वड, उंबर, तुती यांना पावडर नसली तरी चालतं. त्यांना खरी गरज हवेशीर मिश्रणाची असते. विटांचे दोन ते पाच मिलिमीटरचे तुकडे आणि नदीची जाड वाळू समप्रमाणात घ्या, त्यात मूठभर कोकोपीट घाला. विटांचा चुरा चाळून बारीक पूड काढून टाका, ही पायरी लोक हमखास गाळतात. काळी माती नको, लाल मातीही नको. शेणखत मुळं आल्यानंतर.

7. अख्खा बुंधा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करतात म्हणे. गुदमरत नाही का?

नाही. मुळं नसलेल्या बुंध्याला पाणी ओढता येत नाही, म्हणून सालीतून आणि कोंबातून पाणी उडू न देणं एवढंच आपल्या हाती असतं. कुंडीसकट बुंधा पारदर्शक पिशवीत घाला, आत चार काठ्या उभ्या करा म्हणजे प्लॅस्टिक कोंबाला टेकणार नाही, आणि तोंड सैल बांधा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसत असतील तर पाणी घालू नका.

थेट ऊन मात्र बिलकूल नको. उन्हात बंद पिशवीत तापमान इतकं चढतं की बुंधा अर्ध्या दिवसात शिजतो. दाट हिरव्या जाळीखाली किंवा उत्तरेच्या बाल्कनीत ठेवा. नवी पानं पिकून गडद झाली की पिशवीला रोज एकेक भोक पाडत दोनेक आठवड्यांत ती काढा. एकदम काढली की पानं त्याच दुपारी माना टाकतात.

8. कोंब फुटले, पानंही आली, आणि महिन्याभरात सगळं वाळलं. असं का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक खुंट याच टप्प्यावर जातात. कोंब फुटला म्हणजे मूळ आलं असं नाही. जाड लाकडात पिष्टमय साठा असतो, त्यावर कोंब फुटतात. कमाई सुरू होण्याआधी शिलकीवर घर चालावं तसं हे असतं. त्या पानांना पाणी पुरवणारी मुळं अजून आलेलीच नसतात, आणि आपण आनंदाने कुंडी उन्हात ठेवतो, खत घालतो, किंवा मूळ आलं का पाहायला खुंट हलवून बघतो.

खात्री करायची चिन्हं वेगळी आहेत. पहिल्या फुटव्यानंतर दुसरी फूट जोमाने येते. दुपारी पानं ताठ राहतात. कुंडीच्या खालच्या भोकातून पांढरी मुळं दिसतात, म्हणून पहिल्या वर्षी मी पारदर्शक डबेच वापरा म्हणते. ही चिन्हं दिसेपर्यंत खत नाही, छाटणी नाही, आकार द्यायला तार नाही, कुंडी बदलणं नाही. साल नखाने किंचित खरवडून हिरवी दिसली तर पानं गळालेला खुंटही फेकू नका.

9. जाड खोडावर गुटी बांधता येते का?

येते. डाळिंबाची रोपं वर्षानुवर्षं गुटीनेच होत आली आहेत, फरक फक्त जाडीचा. खोडाच्या व्यासाच्या दीडपट रुंदीची साल गोल काढा. खालचं निसरडं पातळ आवरण खरवडून टाका, ते राहिलं तर झाड जखम पुन्हा जोडून घेतं आणि मुळं येत नाहीत. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली येताना वरच्या कडेला अडतं आणि तिथेच मुळं फुटतात. पाणी लाकडातून वर जातच असतं, म्हणून फांदी वाळत नाही.

पावडर वरच्या कडेलाच लावा. ओलं पिळलेलं स्फॅग्नम शेवाळ मूठ-दोन मूठ दाबून बांधा, वर प्लॅस्टिक, त्यावर काळं कापड. वड-नांद्रुकाला पावसाळ्यात चार ते आठ आठवडे, डाळिंबाला दीड-दोन महिने लागतात. मुळं पांढरी असताना कापू नका, ती तपकिरी होऊन फाटे फुटू द्या.

बोन्सायवाल्यांसाठी गुटीचा मोठा फायदा असा की मुळं सर्व बाजूंनी एकाच पातळीवर येतात. बुंध्याचा असा पसारा खणून आणलेल्या झाडात क्वचितच मिळतो.

10. मुळाच्या तुकड्यातून खरंच झाड येतं?

बेल, पेरू, कढीपत्ता, शिसू, बुच आणि वडवर्गातली झाडं मुळातून कोंब काढतात. कढीपत्त्याच्या आजूबाजूला उगवणारी पिल्लं याच प्रकारची. पेन्सिलपासून अंगठ्याएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे तुकडे घ्या. कापतानाच खोडाकडचं टोक सरळ आणि दुसरं तिरकं कापा, म्हणजे घरी येईपर्यंत वर-खाली विसरणार नाही. सरळ टोक मातीच्या पातळीला किंवा किंचित वर ठेवा. ओळखता येत नसेल तर तुकडा आडवा ठेवून दोन सेंटिमीटर झाका.

दगडांतून वाकडंतिकडं गेलेलं मूळ मिळालं तर हळूहळू वर उचलत न्या, मुळं उघडी दाखवणाऱ्या शैलीचं झाड होतं. कलमी झाडाच्या बाबतीत सावध, प्रश्न 14 वाचा.

11. फाटे फुटलेला खुंट उलटा लावला तर बुंधा रुंद आणि शेंडा निमुळता मिळेल. चालेल का?

कल्पना मोहाची आहे, पण फांदीला दिशा असते. ऑक्सिन हे संप्रेरक शेंड्याकडून बुडाकडे वाहतं आणि मुळं त्याच टोकाला येऊ पाहतात. उलट्या खुंटाला वडासारखं जिवट झाड क्वचित मुळं धरतं, पण वाढ कायम कुढत राहते. रुंद बुंधा हवा असेल तर फांदी जिथे खोडाला मिळते तो फुगीर भाग घ्या.

12. वडाची पारंबी वापरता येते का?

येते, आणि खुंटापेक्षा जास्त भरवशाने. तुटलेली पारंबी आणून लावण्याऐवजी ती झाडावरच रुजवा. कोवळ्या टोकाला मिश्रण भरलेली पिशवी किंवा बाटली बांधा आणि ओली ठेवा. पिशवी मुळांनी भरली की पारंबी जिथून निघाली तिथली फांदी कापा. मुळासकट फांदी हाती येते, प्रश्न 7 प्रमाणे प्लॅस्टिकमध्ये झाकायची गरजही अनेकदा पडत नाही.

13. आमच्याकडे डाळिंबाची जुनी बाग काढतायत. खोडं आणू का?

आधी बाग का काढतायत ते विचारा. सांगोला असो वा सटाणा-मालेगाव, वय झालं किंवा दर परवडला नाही म्हणून काढलेली बाग म्हणजे सोनं आहे. डाळिंबाचं खोड मुळातच पिळदार असतं आणि जुन्या खोडावर नवे फुटवे सहज येतात.

मर रोगाने गेलेली बाग असेल तर खोड आडवं कापून बघा. निरोगी लाकूड फिकट पिवळसर दिसतं. तपकिरी-काळपट डाग किंवा पट्टे दिसले तर तो खुंट तिथेच सोडा. हा बुरशीजन्य रोग पाणी वाहणाऱ्या नळ्यांतच असतो, वरून फवारून जात नाही. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि त्यातून भुसा दिसला तर खोडकिडा आहे, तोही नको. तेल्या (डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग) आलेल्या बागेतलं खोड घ्यायचंच असेल तर चिरा-डाग असलेल्या सगळ्या फांद्या तिथेच कापून टाका, एकही पान आणू नका, आणि कात्री-करवत निर्जंतुक करा.

मुळांवरची माती पूर्ण धुवून तिथेच ठेवा. तुमच्या घराजवळ दुसऱ्या कुणाची डाळिंबाची बाग असेल तर हा उद्योग करूच नका. आपल्या कुंडीपायी एखाद्याचं वर्षाचं पीक धोक्यात घालणं मला कोणत्याही झाडासाठी मान्य नाही.

झाड विश्रांतीत असताना, पानगळीनंतर कोंब हलण्याआधी, खोड काढलेलं उत्तम. फूट-दीड फुटावर छाटा, काप बोर्डो पेस्टने बंद करा. गुटीचं झाड स्वतःच्याच मुळावर असतं, त्यामुळे बुडातून फुटवा आला तरी तो मूळ झाडाच्याच जातीचा, म्हणजे भगवा जातीची बाग असेल तर भगवाचाच.

14. द्राक्षाचं आणि चिकूचं जुनं खोड आणलं, पण खालून आलेली पानं वेगळीच आहेत!

कलमाच्या जोडाखालचा भाग फुटला आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक द्राक्षबागा डॉगरिजसारख्या दुसऱ्या द्राक्षजातीच्या मुळावर (यालाही खुंटच म्हणतात) कलम करून भरलेल्या असतात, त्यामुळे जोडाखालचा फुटवा डॉगरिजचाच येणार. घड हवे असतील तर जोडावरची जाड काडी स्वतंत्र लावा, द्राक्ष काडीतून सहज येतं. एक लक्षात ठेवा, बोन्सायमध्ये पानं लहान होतात, फळं लहान होत नाहीत. लहान झाडावर घड मोठाच दिसतो.

चिकू खिरणीच्या खुंटावर बांधतात. इथे मात्र माझा सल्ला वेगळा: खिरणीचा फुटवा आला तर तो ठेवा. खिरणीची पानं लहान, जाड आणि चकचकीत, वाढ संथ, लाकूड टणक. बोन्सायसाठी ती चिकूपेक्षा सरस आहे.

15. मुळं एकाच बाजूला आली. दुसरी बाजू कायमची उघडी राहणार का?

नाही. आंब्यात करतात तसं भेट कलम इथे उपयोगी पडतं. त्याच जातीची पेन्सिलएवढी रोपं रिकाम्या बाजूला बुंध्याला लागून लावा. बुंध्याच्या सालीत रोपाच्या जाडीची खाच करा, रोपाची तेवढीच साल काढा, दोन्ही ओल्या कडा जुळवून घट्ट बांधा. वडवर्गात हे एका हंगामात जुळतं. जोड फुगला की जोडाच्या वरचा रोपाचा भाग कापायचा, खालची मुळं आता बुंध्याची झाली. रोपं नसतील तर रिकाम्या बाजूला सालीत आडवे काप देऊन पावडर लावा आणि शेवाळाने झाका. कधी साधतं, कधी नाही.

16. कोकणात आणि विदर्भात एकच वेळापत्रक चालेल का?

नाही. पुण्या-नाशिकला वडवर्ग मेअखेर ते जुलै ठीक. कोकणात जुलैच्या मुसळधारेत खुंट कुजतात, तिथे मेच्या सुरुवातीलाच लावा आणि पाऊस सुरू झाला की वर छप्पर द्या. विदर्भ-मराठवाड्यात मेच्या झळांत काहीच लावू नका, पहिला पाऊस होऊन हवेत ओल आल्यावर सुरुवात करा. पानगळीची झाडं सगळीकडे जानेवारी-फेब्रुवारीत, कोंब हलण्याआधी.

17. करवंद, बोर, हिवर माळावर इतके सुंदर दिसतात. ते कसे आणायचे?

आणू नका. यांचं सोटमूळ खडकात खोल गेलेलं असतं, खणताना तुटतं आणि वर सांगितलेल्या युक्त्यांना ही झाडं क्वचितच दाद देतात. करवंदाचं पिकलेलं फळ आणून ताजं बी लगेच पेरा, वाळलेलं बी लवकर निकामी होतं. बोर आणि हिवरही बियांतून आणा आणि पहिल्या वर्षीच सोटमूळ छाटा.

18. भिंतीवरच्या झाडात कुणीतरी ॲसिड किंवा तणनाशक घातलं होतं. आता वाचेल का?

ॲसिडने जळालेला भाग काळा पडतो, तो पूर्ण कापून निरोगी हिरवी साल उरली तर जगायची संधी आहे. हिंग घातला असेल तर फारशी चिंता नाही. ग्लायफोसेटसारखं तणनाशक असेल तर ते झाडभर फिरतं. कोंब फुटतात पण पानं अरुंद, वेडीवाकडी, पिवळट येतात आणि झाड हळूहळू जातं. अशा झाडावर मेहनत करू नका, त्याच भिंतीवरचा दुसरा पिंपळ शोधा.

19. मी परदेशात राहते. गावच्या वडाची फांदी बॅगेत घालून आणता येईल का?

तशी नाही. जिवंत रोप किंवा कलम नेताना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, तुमच्या देशाचे स्वतःचे आयात नियम वेगळे, आणि माती तर बहुतेक ठिकाणी पूर्ण बंद. विमानतळावर जप्त होऊन नष्ट होण्यापेक्षा तिथल्याच दुकानातला नांद्रुक घ्या. फायकस मायक्रोकार्पा नावाने तो जगभर घरातली कुंडी म्हणून विकला जातो. त्याची जाड फांदी प्रश्न 5 प्रमाणे लावा. थंड देशात खिडकीजवळ, कुंडीखाली बीजांकुरणासाठीची उबदार चटई ठेवलीत तर मुळं लवकर येतात.